आत की बाहेर

टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकाच खुर्चीत चौतीस वर्षं काढली की माणसाचं नाव मागं पडतं आणि कामाचंच नाव चिकटतं. तसं ते तिला चिकटलं. कचेरीत टेस्टबाई, गल्लीत टेस्टबाई, आणि निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी भाजीवाल्याच्या तोंडीही टेस्टबाईच. नवरा होता तोवर तोही तेच म्हणायचा, फक्त ती स्वयंपाकघरात असताना.

लाइनी टेस्ट करायचं काम साधं होतं, पण येरागबाळ्याचं नव्हतं. कुणाचा फोन बंद पडला की तक्रारीची चिठ्ठी तिच्या टेबलावर यायची. मग ती त्या नंबरची तार मधल्या चौकटीवर सोडवायची आणि तिथं कान लावायची. एकदा आतल्या बाजूला, म्हणजे एक्सचेंजच्या मशीनकडे, आणि एकदा बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे आणि गिऱ्हाइकाच्या घराकडे. आतला आवाज स्वच्छ असेल तर बिघाड बाहेर. आतच खरखर असेल तर बिघाड आपल्याच इमारतीत, मग उगाच लाइनमनला उन्हात खांबावर चढवण्यात अर्थ नाही. लाइनमन सायकली टेकवून तिच्या टेबलासमोर उभे राहायचे. ती कानावरचं यंत्र न काढता एकच शब्द बोलायची, "आत" नाहीतर "बाहेर", आणि चार धट्टेकट्टे गडी त्या एका शब्दावर चालू पडायचे. चौतीस वर्षांत तिचा शब्द किती वेळा चुकला, हे विचारलं तर ती पाच म्हणायची. साहेब तीन म्हणायचे. ती स्वतःच्या बाबतीत जास्त कडक होती.

कामाची सवय घरात आली नाही असं कसं होईल? नळाला पाणी नाही, आत की बाहेर? जाऊबाई रुसल्यात, आत की बाहेर? नवऱ्याचं पोट दुखलं तर त्या बिचाऱ्यालाही आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं आणि मग ओवा मिळायचा. लोक हसायचे. ती नाकावर माशी बसू न देणारी बाई, हसणाऱ्याला म्हणायची, हसा, पण आधी सांगा कुठं ते.

लग्नानंतर खूप उशिरा, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिला मुलगा झाला. दोन वर्षांचा असताना एकदा वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. ती स्वयंपाकघरातून धावत आली, तर पोर पाठमोरं बसून डब्यांचे मनोरे रचत होतं, त्यानं मानही वळवली नव्हती. तिनं पुन्हा दार आपटून पाहिलं. मग थाळी वाजवली. दुसऱ्याच दिवशी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, कागद पाहिले आणि चष्मा काढला. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिनं विचारलं, "डॉक्टर, आत की बाहेर?"

डॉक्टरांना प्रश्न कळला. ते म्हणाले, "आत."

दिवसभर लोकांना "हॅलो, ऐकू येतंय का?" विचारणारी बाई त्या संध्याकाळी घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळ कशाला सोडला कुणास ठाऊक, पोराला ऐकू येणार नव्हतंच. त्या दिवसापासून "आत" हा शब्द तिला बोचायला लागला. कचेरीत तो रोज दहा वेळा उच्चारावा लागायचा, आणि दहाही वेळा तिला त्या खोलीतला चष्मा आठवायचा.

पण रडत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा शिंपी होता, जन्मापासून बहिरा. टेस्टबाई रोज कामावरून आली की पोराला कडेवर घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसायची आणि मायलेक दोघं त्याच्याकडून खुणांची भाषा शिकायची. शिंपी कात्री खाली ठेवून शिकवायचा, कारण एकदा हातात कात्री असताना तो "मोठा" म्हणायला गेला होता आणि गिऱ्हाईक पळालं होतं. वर्षभरात पोर भराभरा बोलायला लागलं, हातांनी. त्याच्या भुवया तर हातांच्याही पुढं धावायच्या. म्हणून शिंप्यानं त्याचं खुणेतलं नाव ठेवलं, भुवईला एक बोट. टेस्टबाईचं नाव ठेवलं, कानाला टेकलेली मूठ, फोन धरावा तशी. ऐकू न येणाऱ्यांमध्ये वावरणाऱ्या बाईला फोनचं नाव, हा त्या शिंप्याचा चावटपणा.

घरातला तो प्रश्नही मग हातांवर आला. बोट स्वतःच्या छातीला लावायचं, मग तेच बोट दाराकडे न्यायचं, आणि भुवया वर. भुवया वर गेल्या की तो प्रश्न होतो, नाही गेल्या तर ते नुसतं सांगणं. आत की बाहेर? हे शिंप्यानं शिकवलेलं नव्हतं, हे या घरातच जन्मलं.

शाळेत मात्र उलटं होतं. त्या काळी कर्णबधिरांच्या शाळेतही हात वापरायला बंदी होती, ओठ हलवून बोलायला शिका म्हणायचे. मुलाला सहा वर्षं स्वतःच्या हातांवर बसून शिकावं लागलं. तळव्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ घेऊन तो घरी यायचा. ते वळ तिनं पाहिले होते आणि ती ते विसरली नव्हती.

मुलगाही विसरला नव्हता. आता तो एकतीस वर्षांचा होता, त्याच शाळेत शिक्षक होता, आणि सहा वर्षं खपून त्यानं आणि त्याच्या बायकोनं खुणांचा कोश तयार केला होता. सून पण ऐकू न येणारी, शाळेत शिवणकाम शिकवणारी, आणि कॅमेऱ्यापुढं उभी राहिली की नजर हलणार नाही अशी. मागच्या खोलीत भिंतीला राखाडी चादर ठोकून दोघं एकेक खूण चित्रित करायची. समोरून एकदा, बाजूनं एकदा, मग वाक्यात. असे नऊ हजार एकशे चाळीस तुकडे झाले होते. ते सगळे एका काळ्या, तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर होते. दुसरी प्रत शाळेच्या मशीनवर होती, पण तिच्यात शेवटच्या दोन महिन्यांतलं काम नव्हतं.

शिक्षण खात्यानं सगळ्या कर्णबधिर शाळांसाठी एकच कोश निवडायचं ठरवलं होतं. स्पर्धेत दुसराही एक कोश होता. तो ऐकू येणाऱ्या विद्वानांनी केलेला होता, कागदावर फार देखणा. त्यातली "उशीर" ही खूण मुलं ज्या अर्थानं करतात तो अर्थ होता "मेला". म्हणजे "आज बाई उशिरा आल्या" म्हणायला जावं तर वर्गात सुतकच पडायचं. तो कोश लागला असता तर पुढची वीस वर्षं मुलांना कुणीही न बोलणारी भाषा शिकावी लागली असती, आणि जी बोलतात ती चुकीची ठरली असती. पुन्हा हातांवर बसणंच ते, फक्त नव्या पद्धतीचं.

खात्याचा नियम असा की कोश खात्यानंच पाठवलेल्या डिस्कवर भरून द्यायचा. ती डिस्क आदल्या संध्याकाळी आली, आणि खात्याची बाई ती न्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता येणार होती. चारनंतर आलेलं चालणार नाही, हे पत्रात दोनदा छापलं होतं.

त्या सकाळी अकरा खुणांची शेवटची दुरुस्ती संपवून मुलानं नऊ वाजता खात्याच्या डिस्कवर नक्कल करायला लावली आणि निवांतपणे पेपर वाचून मग तो दाढी करायला गेला. सव्वादहाला टेस्टबाई चहाचे कप घेऊन मागच्या खोलीत शिरली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. ती पट्टी हलतेय की नाही ते कळायला तिला चष्मा पुसावा लागला. खाली लिहिलं होतं, अकरा तास पंचवीस मिनिटं बाकी.

तिनं कप खाली ठेवले आणि मुलाला खांद्याला धरून खुर्चीपाशी आणलं. अर्धी दाढी झालेली होती. त्यानं आकडा पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सून मागून आली, तिनं बोटांवर तास मोजले, रात्रीपर्यंत पोचली आणि हात खाली टाकले.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याचं काम साहजिकच टेस्टबाईकडे आलं. फोन ही तिची मिरास होती. त्यानं डिस्क किती वर्षांची ते विचारलं. पाच म्हटल्यावर त्याचा निकाल तयारच होता.

"आजी, डिस्क म्हातारी झालीय. म्हातारं माणूस जसं हळू चालतं ना, तसंच. दुकानात आणून ठेवा, परवापर्यंत बघतो."

एकोणसत्तर वर्षांच्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे बघा. तिनं शांतपणे विचारलं, तू कान कुठं लावलास? तो म्हणाला, म्हणजे? ती म्हणाली, काही नाही, आणि फोन ठेवला. न तपासता निकाल देणाऱ्या लाइनमनना तिनं पूर्वी पुरतं वठणीवर आणलं होतं. या पोराला सवडीनं बघू म्हणून तिनं पदर खोचला.

तिनं मुलाला विचारलं. बोट छातीला, बोट दाराकडे, भुवया वर.

मुलगा चिडला. हे टेलिफोन नाहीत, तो म्हणाला. हातांनीच म्हणाला, पण हातांनी ओरडता येतं, आणि तो ओरडला. तिला तपासायचं म्हणजे आधी चाललेलं काम थांबवावं लागणार, हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला नको होतं. सव्वा तासात दहावा हिस्सा गेला होता. तेवढंही हातचं सोडायचं? सून मधे पडली, तिनं सांगितलं की पत्र लिहून एक दिवस मागून बघू. मुलगा म्हणाला, दोनदा छापलंय. मग तो खुर्चीवर बसून राहिला आणि त्या पट्टीकडे असा बघत राहिला की जणू बघण्यानं तिला जोर चढेल.

टेस्टबाईला हे नवं नव्हतं. ज्या फोनवर थोडं तरी ऐकू येतं त्याची तार सोडवू द्यायला गिऱ्हाईक कधी तयार नसायचं. खरखरीत का होईना, चालू आहे ना, मग राहू द्या. ती मुलाच्या समोर जाऊन जमिनीवर बसली, म्हणजे तिचे हात त्याला दिसतील.

"चाललंय," ती हातांनी म्हणाली, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशी. "पण पोचत नाही. चारला पोचणार नसेल तर हे चालणं आपल्या काय कामाचं?"

मुलानं पट्टीवरून नजर काढून आईकडे पाहिलं. त्याचे हात मांड्यांखाली गेले होते. शाळेतली सवय, फार घाबरला की अजून जायचे. तिनं ते पाहिलं. तिनं त्याची दोन्ही मनगटं धरून हात बाहेर काढले आणि उंदरावर, म्हणजे माउसवर, ठेवले. त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. पट्टी गेली. सव्वाअकरा वाजले होते.

आता टेस्टबाईचं टेबल मांडलं गेलं. लॅपटॉप उंच फळीवर होता, त्याला एक लांब वायर, तिच्या टोकाला चार तोंडांची एक छोटी यूएसबी पट्टी, आणि त्या पट्टीत दोन्ही डिस्क शेजारी शेजारी खोचलेल्या. पट्टी मुलानंच टेबलाला चिकटवली होती, कारण वायरी लोंबलेल्या आईला खपत नाहीत. टेस्टबाईनं मनात नकाशा काढला. लॅपटॉप म्हणजे एक्सचेंज. पट्टी आणि वायरी म्हणजे रस्ता. दोन डिस्क म्हणजे दोन घरं. एकदम सगळ्यांना "म्हातारे" म्हणून मोकळं होण्यापेक्षा तार मधे सोडवायची आणि एकेका बाजूला कान लावायचा.

कान लावायचा म्हणजे इथं घड्याळ लावायचं. सरावाचं एक मोठं चित्रण होतं, ते मापाला घेतलं. आधी ते जुन्या डिस्कवरून लॅपटॉपच्या पोटात उतरवलं. नवी डिस्क बाजूलाच. पाच मिनिटं लागली. मग तेच लॅपटॉपच्या पोटातून नव्या डिस्कवर चढवलं. जुनी डिस्क बाजूला. पुन्हा पाच मिनिटं. सूनबाईनं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि प्रश्नार्थक पाहिलं.

टेस्टबाई हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"शेजारच्या दोन घरांचे फोन एकाच दिवशी, एकसारखेच बिघडतात का?" तिनं हातांनी विचारलं. "घरं बरी आहेत. दोघांचं सामाईक काय आहे ते बघा."

सामाईक होती ती पट्टी. मुलानं ती वाकून पाहिली. तिच्या चारही तोंडांतली जीभ काळी होती. लॅपटॉपच्या तोंडात पाहिलं, तर तिथं निळी. निळी म्हणजे नवा, वेगाचा रस्ता, काळी म्हणजे जुना, हळू रस्ता, एवढं त्याला माहीत होतं, पण पट्टी चिकटवताना पाहायचं सुचलं नव्हतं. शिवाय एकाच जुन्या रस्त्यावरून एका डिस्कचं येणं आणि दुसरीचं जाणं, म्हणजे बोळात समोरासमोर दोन हातगाड्या. त्यानं कपाळावर हात मारला, पट्टी टेबलावरून उपटली, उंदराची वायर काढून टाकली आणि नवी डिस्क थेट लॅपटॉपला लावली. तेच चित्रण. दीड मिनिट.

सूनबाईनं टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवले, तशाच त्यांच्या टाळ्या असतात. पण टेस्टबाईनं तिला थांबवलं. एक बिघाड सापडला की गडी खूश होऊन खांबावरून उतरतात आणि मागं लपलेला दुसरा तसाच राहतो, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. जुनी डिस्कही थेट लावा, ती म्हणाली.

लावली. पाच मिनिटं.

सव्वाबारा होऊन गेले होते. आता पट्टी नव्हती, लॅपटॉपचं तोंड निळं होतं, आणि तरी जुनी डिस्क तिच्याच चालीनं चालत होती. मुलाच्या भुवया खाली उतरल्या. म्हणजे दुकानदार खरा ठरणार, डिस्कच थकलेली आहे, आणि थकलेल्या डिस्कवरून नऊ हजार तुकडे काढायला सहा तास. टेस्टबाईच्याही मनात पाल चुकचुकली. ती ते तोंडावर दिसू देणारी नव्हती, पण तिचा हात नकळत कानाकडे गेला.

मग तिला सुचलं की आपण घराच्या दारात पोचलो आहोत, घरात नाही. दारापर्यंतची वायर अजून तपासलेली नाही. तिनं नव्या डिस्कची वायर काढून जुन्या डिस्कला लावायला सांगितली. मुलानं दोन्ही वायरी शेजारी धरल्या आणि तो थबकला. खात्याच्या वायरीचं डोकं रुंद होतं, दोन डोकी एकाला एक चिकटवल्यासारखं. त्याच्या वायरीचं डोकं अरुंद. त्यानं जुन्या डिस्कचं तोंड उजेडात धरलं. ते तोंडही रुंदच होतं. दोन वर्षं त्यात अरुंद वायर घुसत होती, चालत होती, आणि अर्धं तोंड रिकामं राहत होतं.

रुंद वायर लावली. दीड मिनिट. डिस्क म्हातारी नव्हती. तिला अर्ध्या तोंडानं जेवायला घातलं जात होतं.

मुलानं आईकडे पाहून विचारलं की ही अरुंद वायर आली कुठून. त्याला खरंच आठवत नव्हतं. टेस्टबाईला मात्र आठवलं. ती तिच्याच जुन्या फोनच्या चार्जरची वायर होती. दोन वर्षांपूर्वी या खोलीची झाडलोट करताना तिला डिस्कची मूळ वायर दिसली होती. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, तिच्या रुंद डोक्यावर नाक मुरडलं, आणि निदान केलं की हे डोकं वितळून बिघडलंय. आपली वायर लावून पाहिली, बसली, दिवा लागला, चालू झालं. काम फत्ते. कुणाला सांगायची गरजही वाटली नाही.

चौतीस वर्षांत पाच चुका. ही सहावी, आणि आधीच्या पाचांचा पसाराही हिच्याएवढा नव्हता.

ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. कपाटाच्या तळाशी तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात चाळीसेक वायरी, प्रत्येकीची नीट गुंडाळी, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, एक्सचेंजमधल्यासारखी. तिनं सगळा डबा पलंगावर ओतला. रेडिओची, इस्त्रीची, कुणाची ते माहीत नाही पण टाकू नये. तळाला ती सापडली. रुंद डोकं, निळी जीभ, आणि चिठ्ठीवर तिच्याच ठसठशीत अक्षरात: "डोकं बिघडलेलं. टाकू नये."

पहिल्या दोन शब्दांनी घात केला होता आणि शेवटच्या दोन शब्दांनी वाचवलं.

ती वायर हातात घेऊन ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. लपवता आलं असतं. डब्यात एक मिळाली बुवा, एवढं म्हणून भागलं असतं. पण ज्या बाईनं साहेबांच्या तीनाच्या पाच करून सांगितल्या तिला ते कसं जमणार? तिनं मुलाच्या हातात वायर चिठ्ठीसकट दिली आणि त्यानं चिठ्ठी वाचून वर पाहेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं बोट स्वतःच्या छातीला लावलं. नुसतं छातीला. भुवया जागच्या जागी.

मुलानं पुन्हा चिठ्ठी वाचली. सुनेनं त्याच्या खांद्यावरून वाचली. आधी सुनेचे खांदे हलायला लागले, मग मुलगा हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डोकं बिघडलेलं, टाकू नये, असं म्हणून त्यानं ती चिठ्ठी सोडवली आणि आईच्या पदराला बांधली.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी दोन रुंद वायरी, दोन निळी तोंडं, मधे काही नाही, अशी नव्यानं सुरुवात झाली. पडद्यानं आधी थोडा विचार केला. मग आकडा आला: एक तास पन्नास मिनिटं. हिरवी पट्टी आता चष्मा न पुसताही चालताना दिसत होती. कुणी खोलीबाहेर गेलं नाही. सुनेनं तिथंच पोळीचे तुकडे आणून दिले. मुलाची उरलेली अर्धी दाढी तिनं आरसा धरून करायला लावली, खात्याची बाई घाबरू नये म्हणून. सव्वातीनच्या सुमारास पट्टी भरली, आणि दोन्हीकडचे आकडे जुळले. नऊ हजार एकशे चाळीस आणि नऊ हजार एकशे चाळीस. टेस्टबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं दोन्ही हात वर करून पंजे हलवले, आणि उतारवयात खांदे दुखतात हे विसरून बराच वेळ हलवत राहिली.

खात्याची बाई चारला दहा मिनिटं कमी असतानाच आली. चेहरा सरकारी, पण पाणी मागून घेतलं. डिस्क घ्यायची तर समोर उघडून बघायची, संख्या मोजायची, कुठलाही एक तुकडा चालवून पाहायचा, अशी तिची रीत होती. संख्या जुळली. मग तिनं डोळे दुसरीकडे करून, मुलानं पुन्हा लावून दिलेला उंदीर फिरवला आणि कुठंतरी मधेच दाबलं.

पडद्यावर राखाडी चादरीपुढं सून उभी राहिली. तिनं बोट छातीला लावलं, मग ते बाहेर नेलं, आणि भुवया वर केल्या. खाली अक्षरं होती: "बिघाड शोधणे, नेमकी अडचण कुठे आहे हे विचारणे."

टेस्टबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं ते घरातलं वेड आहे, घरातच राहिलेलं. सुनेनं मग सांगितलं की शाळेत ते केव्हाच पसरलंय. पोरं गणित चुकलं तरी विचारतात, भांडण झालं तरी विचारतात, शिवणयंत्राचा दोरा तुटला तरी आधी हेच. मुलांच्या हातावर जे असेल ते कोशात घ्यायचं असं ठरलं होतं, मग हे कसं सोडणार?

"ही खूण मी कधी पाहिली नाही," खात्याची बाई म्हणाली. "कुठली आहे?"

"आमच्या घरातली आहे," टेस्टबाई म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. चौतीस वर्षांत तारेवर तो कधी चिरकला नव्हता.

मुलानं ओठांवरून ते वाचलं. शाळेनं निदान एवढं शिकवलं होतं. तो आईसमोर आला, त्यानं बोट आपल्या छातीला लावलं आणि मग ते सावकाश दाराकडे नेलं, दारापलीकडे, रस्त्याकडे. भुवया मात्र जागच्या हलल्या नाहीत. तो विचारत नव्हता, सांगत होता. आतून बाहेर.

टेस्टबाईला कळलं. डॉक्टरांच्या खोलीतला "आत" तिनं एकोणतीस वर्षं सांभाळला होता, तो त्या क्षणी तिच्या छातीवरून उतरला. ती रडली, नळ न सोडता, सगळ्यांच्या देखत. खात्याच्या बाईनं पावतीवर वेळ घातली, तीन वाजून अठ्ठावन्न, आणि डिस्क पेटीत ठेवताना, शिकवल्याशिवायच, ती खूण एकदा करून पाहिली. जराशी चुकली. सुनेनं तिचं कोपर धरून सरळ केलं.

गाडी गेल्यावर टेस्टबाई आत आली, खुर्चीत ताठ बसली आणि तिनं दुरुस्तीवाल्याचा नंबर फिरवला. तक्रार नोंदवली की बंदही करायची असते, त्याशिवाय तिला घास गेला नसता.

"डिस्क ठणठणीत आहे रे," ती म्हणाली. "बिघाड आत होता."

"आत म्हणजे डिस्कच्या आत ना? मी म्हटलं नव्हतं?"

"नाही. माझ्या डब्याच्या आत," ती म्हणाली, आणि पदराची चिठ्ठी सोडवून त्याला वाचून दाखवली.